मोठा केलेला शंख
वाचकांचे प्रश्न : शिल्पकला

या वेळच्या पत्रांपैकी ऐरोलीहून आलेल्या पत्रातला प्रश्न शिल्पकलेच्या बहुतेक विद्यार्थ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पडतोच, म्हणून त्याच्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. ठाण्याच्या आणि नेरूळच्या पत्रांचे विषय त्याच्याशी जोडलेले असल्यामुळे त्यांची उत्तरे त्यामागोमाग दिली आहेत.

प्रश्न : मी शिल्पकलेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. या सत्रात आम्हाला निसर्गरूपांवर आधारित शिल्परचना करायच्या आहेत. शंख, शेंगा, येऊरच्या जंगलात मिळालेल्या बिया, खाडीकाठची मुळे अशा वस्तू जमवून मी त्यांची रेखाटने करते आणि नंतर शाडूत त्या मोठ्या आकारात घडवते. काम नीटनेटके होते, परंतु आमचे सर प्रत्येक वेळी म्हणतात की, हा मोठा केलेला शंख झाला, शिल्प झाले नाही. म्हणून मी आकार वाकवून, बदलून, थोडा अमूर्त करून पाहिला, तर वर्गातल्या मुलांनी त्याला ‘बटाटा’ हे नाव ठेवले. निसर्गातल्या वस्तूवरून शिल्प करताना तिच्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे कसे ठरवावे?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : तुमच्या सरांचे म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे न मिळाल्यामुळे तुम्ही हुबेहूब शंख आणि बटाटा या दोन टोकांमध्ये अडकला आहात. ही दोन टोके दिसतात तितकी लांब नाहीत. दोन्ही वेळा तुम्ही शंखाकडे त्याच्या बाह्यरेषेवरून पाहिले. पहिल्या वेळी ती रेषा जशीच्या तशी उचलली आणि दुसऱ्या वेळी मनाला येईल तशी वाकवली. शंखाला तो आकार कशामुळे आला, हा प्रश्न दोन्ही वेळा विचारायचा राहून गेला. काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय माझ्या मते त्याच प्रश्नाच्या उत्तरातून निघतो.

शंखातला प्राणी आपले कवच वाढवतो ते केवळ तोंडाच्या कडेला. मागचा भाग एकदा तयार झाला की तो पुन्हा मोठा होत नाही. प्राणी वाढतो तसतसा कडेवर नवा थर चढत जातो, आणि हा थर एका बाजूला थोडा जास्त वेगाने वाढत असल्यामुळे कवच वळत जाते. म्हणूनच लहानग्या शंखाचे आणि पूर्ण वाढलेल्या शंखाचे वळण जवळजवळ एकाच प्रमाणात असते. गणितात या वळणाला लॉगरिदमिक सर्पिल म्हणतात आणि डार्सी टॉमसन या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञाने वाढ आणि आकार यांच्या संबंधावर १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा केली आहे. आता तुम्ही शाडूचा मोठा गोळा घेऊन तो बाहेरून कोरत कोरत शंख करता, तेव्हा शंख ज्या रीतीने घडला तिच्या अगदी उलट रीतीने काम करत असता. त्याऐवजी मातीच्या करंगळीएवढ्या वळ्या करा, शंखाच्या टोकापासून सुरुवात करा आणि प्रत्येक वळी आधीच्या कडेवर बसवून एका बाजूला थोडी जाड, दुसऱ्या बाजूला थोडी पातळ दाबत पुढे जा. मागे वळून काहीही दुरुस्त करायचे नाही, एवढा एकच नियम पाळा. जिथे बोट जास्त दाबले जाईल तिथे वळण आवळेल, जिथे हात सैल पडेल तिथे ते पसरेल, आणि शेवटी जे तयार होईल ते तुमच्या टेबलावरच्या शंखासारखे दिसणार नाही. तरीही पाहणाऱ्याला ते वाढलेले वाटेल. वळ्यांवर उमटलेले बोटांचे ठसे ओल्या स्पंजने पुसून टाकण्याचा मोह मात्र आवरा, कारण शंखावरच्या वाढीच्या रेषांचे काम तेच करत असतात.

बटाट्याबद्दलही थोडे लिहिले पाहिजे, कारण तुमच्या वर्गमित्रांनी थट्टेत एक खरा दोष दाखवून दिला आहे. अमूर्त करायचे म्हणून विद्यार्थी सगळे कोपरे गोल करतात, सगळे खळगे भरून काढतात आणि पृष्ठभाग सगळीकडे सारख्याच वेगाने फुगलेला राहतो. नजर त्यावरून घसरत जाते. तिला थांबायला जागा मिळत नाही. निसर्गातल्या आकारांत असे क्वचितच होते. तिथे फुगवटा एकदम सपाट होतो, सपाट भाग धारदार कडेला जाऊन मिळतो, आणि एका दिशेने बाहेर वळलेला पृष्ठभाग त्याच जागी दुसऱ्या दिशेने आत वळलेला असतो. हे तपासण्याचा सोपा मार्ग असा : खोलीतले दिवे मालवून टेबललॅम्प शिल्पाच्या अगदी बाजूला, त्याच्याच उंचीवर ठेवा, फिरती पाटी हळूहळू फिरवा आणि उजेड व सावली यांच्या सीमारेषेवर लक्ष ठेवा. ती रेषा सतत एकाच संथ वळणाने सरकत राहिली तर आकार अजून निर्जीव आहे. ती कुठे रेंगाळली, कुठे झटकन उडी मारून गेली, तर त्यात काही घडले आहे असे समजा. (खऱ्या बटाट्यावरचे डोळेही सर्पिल क्रमाने मांडलेले असतात, कारण बटाटा हा जमिनीखालच्या खोडाचाच फुगलेला भाग आहे. त्यामुळे तुमच्या मित्रांनी अन्याय केला असलाच, तर तो बटाट्यावर केला आहे.)

हे वेगवेगळ्या वेगांचे पृष्ठभाग शिकण्यासाठी हाडासारखा दुसरा शिक्षक नाही. हेन्री मूर (१८९८-१९८६) हा इंग्रज शिल्पकार आयुष्यभर गारगोट्या, शिंपले आणि हाडे जमवत असे आणि त्यांतूनच तळहातावर मावतील अशी लहान मातीची व प्लास्टरची कच्ची शिल्पे करून मग ती वाढवीत असे. १९६१ सालचे त्याचे उभ्या आकृतीचे एक शिल्प पक्ष्याच्या हाडाच्या तुकड्यावरून सुचलेले आहे. समोरून ते रुंद आणि भारदस्त दिसते, बाजूला जाऊन उभे राहिले की सुरीच्या पात्याएवढे उरते. पक्ष्याच्या हाडात ही गोष्ट मुळातच होती, मूरने ती ओळखली आणि माणसाच्या आकृतीत आणली. तुम्हाला असे हाड शोधायला दूर जावे लागणार नाही. मटणाच्या दुकानात बोकडाच्या खांद्याचे चपटे हाड मागून घ्या. त्याचे पाते मधोमध इतके पातळ असते की दिव्यासमोर धरले तर पलीकडचा उजेड दिसतो, तरी ते वाकत नाही, कारण त्याच्या पाठीवर लोखंडी अँगलसारखी एक उभी कड असते. ही कड पात्याच्या एका टोकाला विरत जाते आणि दुसऱ्या टोकाला, जिथे सांध्याची वाटी आहे तिथे, एकदम उंचावून थांबते. एवढ्या एका हाडावरून महिनाभर रेखाटने करता येतील. ते स्वच्छ करताना पाण्यात मंद आचेवर ठेवून मांस सुटू द्यावे, पाणी खळखळून उकळू नये, नंतर साबणाच्या पाण्यात ठेवून चरबी काढावी आणि शेवटी पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवावे. घरातले ब्लीच वापरू नये, कारण त्याने हाड भुसभुशीत होते. घरी शाकाहार असेल तर हा सगळा उद्योग महाविद्यालयाच्या आवारात करावा.

आता रस्त्यावरच्या एका फळाकडे वळू. मुंबई-ठाणे परिसरात रस्त्यांच्या कडेला महोगनीची झाडे बरीच लावलेली आहेत आणि कोरड्या दिवसांत त्यांची मुठीहून मोठी, तपकिरी, लाकडासारखी कठीण फळे तडकून त्यांच्या फाका पदपथावर पडलेल्या असतात. न फुटलेले फळ मिळाले तर ते टेबलावर ठेवून सुकू द्या आणि रोज पाहत जा. ते देठाच्या बाजूने पाच फाकांत उकलू लागते. फाक बाहेरून खरखरीत व चांगली जाड असते, आणि ती गळून पडली की मधोमध पाच कंगोऱ्यांचा एक खांब उभा राहतो, ज्याच्याभोवती पंख असलेल्या बिया एकमेकींवर चढवून इतक्या दाटीने बसवलेल्या असतात की एक जरी काढली तरी ती पुन्हा तशी बसवता येत नाही. सगळ्या बिया उडून गेल्यावर खांबावर त्यांचे ठसे राहतात. या फळाचे शिल्प करायचे म्हणून तुम्ही बाहेरून अंडाकृती आकार घडवला, तर जे सोडायचे तेच नेमके ठेवले असे होईल. ठेवण्यासारखे आहे ते जाड कवच आणि कागदासारखे पंख यांच्यातले अंतर, देठाकडून सुरू होणारी उकल, आणि सगळे निघून गेल्यावर मागे उभा राहणारा खांब. या तीन गोष्टी तुम्ही पाच वाकवलेल्या पत्र्यांत आणि एका लाकडी ओंडक्यात मांडल्या, तर महोगनीचे नाव कोणाच्या मनातही येणार नाही आणि त्याने काही बिघडणार नाही.

साम्य दिसलेच पाहिजे का, हा वाद शिल्पकलेत एकदा थेट न्यायालयात गेला होता. कॉन्स्टंटिन ब्रांकुशी (१८७६-१९५७) या रुमानियात जन्मलेल्या शिल्पकाराचे अवकाशातल्या पक्ष्याचे ब्राँझ शिल्प १९२६ साली अमेरिकेत पोहोचले तेव्हा तिथल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना त्यात पंख, पिसे, चोच असे काहीच सापडले नाही. त्यांनी ते स्वयंपाकघर व रुग्णालयाच्या साहित्यात धरले आणि त्यावर ४० टक्के कर लावला. पक्ष्यासारखे न दिसणारे शिल्पही कलाकृती असू शकते, असा निर्णय १९२८ साली ब्रांकुशीच्या बाजूने लागला. मराठी वाचकांना यात जिव्हाळ्याचा एक धागा आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात याच पक्ष्याच्या तीन आवृत्त्या घेतल्या, एक ब्राँझमधली, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवरातली, आणि त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर उभारण्याचा त्यांचा मानस होता. त्यासाठी ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर झाले नाही, आणि ते दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात आहेत. ब्रांकुशीने पक्ष्यातले उड्डाण ठेवले आणि पक्षी सोडला, पण तिथपर्यंत पोहोचायला त्याला अनेक वर्षे पक्षीच पुन्हा पुन्हा करावे लागले. त्याचा सुरुवातीचा पक्षी पाहिला तर त्याला मान, चोच आणि फुगलेली छाती स्पष्ट दिसते. तुम्ही दुसऱ्या वर्षात आहात; हुबेहूब शंख करण्यात गेलेला वेळ वाया गेला असे समजू नका.

माध्यमाचा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण तो विचारायला हवा होता. शंख, शेंग, मूळ, बी हे सगळे तुम्ही शाडूतच करता, आणि मग सगळ्यांची कातडी सारखीच दिसते. मृणालिनी मुखर्जी (१९४९-२०१५) या मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्याला शिकलेल्या शिल्पकर्तीने जाड नैसर्गिक धाग्याचे दोर रंगवून, हाताने गाठी मारत, वनस्पतीसारखी वाटणारी माणसाच्या उंचीची शिल्पे केली. मूळ रेखाटन पुढे ठेवून त्याबरहुकूम गाठी मारणे हा त्यांचा मार्ग नव्हता. गाठ मारता मारता आकार वाढत जाई, दोर आपल्या वजनाने लोंबे, आणि ते लोंबणे शिल्पाचा भाग होई. पुढे त्यांनी मातीत आणि ब्राँझमध्येही काम केले. तुमच्या शेंगेचा पंख शाडूत पातळ करायला गेलात तर तो मोडणारच. तो पत्र्यात, कागदाच्या लगद्यात किंवा मेणात भिजवलेल्या कापडात करून पाहा. उलट हाडाचे जडत्व शाडूत छान येते.

येऊर आणि खाडी या दोन जागांविषयी सांगणे आवश्यक आहे. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काही उचलून आणता येत नाही, मग ती जमिनीवर पडलेली बी का असेना. कांदळवनालाही कायद्याचे संरक्षण आहे, आणि शंखांच्या काही जातींनाही. म्हणून तिथे वही न्या आणि पिशवी घरी ठेवा. शिवाय तिवराचे श्वसनमूळ उपटून घरी आणले तर हाती एक वाळकी काडी लागते, कारण त्याचे सौंदर्य एकेका मुळात नसतेच. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या बाजूने पाहिले, तर चिखलातून बोटाएवढी शेकडो मुळे वर आलेली दिसतात. पहिल्यांदा ती कुठेही उगवल्यासारखी वाटतात. थोडा वेळ थांबले की झाडापासून दूर जाणाऱ्या, जमिनीखालच्या आडव्या मुळांच्या रेषांवरूनच ती ओळीने वर आली आहेत हे लक्षात येते. म्हणजे तिथले शिल्प दोन मुळांमधल्या मोकळ्या जागेत आणि न दिसणाऱ्या त्या रेषेत आहे. शंभर मातीच्या कांड्या करून त्या फळीवर मांडा, पण कांड्या करण्यापूर्वी त्यांच्यामधल्या अंतरांचे रेखाटन करा.

रेखाटनाबद्दल एवढेच की काही दिवस बाह्यरेषा काढणे बंद करा. भेंडी, कारले, बहाव्याची शेंग, पपई जे हाताशी येईल ते आडवे, उभे आणि तिरके कापा आणि फक्त छेद काढा. बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांना वनस्पतींवरून आकार घडवायला शिकवणारे कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५-१९३२) कोंब, कळ्या आणि देठ अनेक पटींनी मोठे करून त्यांची छायाचित्रे काढत, ती मुळात वर्गात दाखवण्यासाठीच. १९२८ साली ती पुस्तकरूपाने आली आणि तेव्हा जगाचे तिकडे लक्ष गेले. आज ते काम तुमच्या फोनचा मॅक्रो कॅमेरा करू शकतो. फोटो पाहून घ्या, पण घडवताना वस्तूच हातात ठेवा, कारण फोटोला मागची बाजू नसते.

प्रश्न : निसर्गातील आकारांवरून शिल्प करणे हे सर्व पाश्चात्त्य आधुनिक कलावंतांचे खूळ आहे आणि आपल्याकडे शिल्प म्हणजे मूर्ती, असे आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटात एका गृहस्थांनी ठामपणे सांगितले. यात कितपत तथ्य आहे?
— एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्याकडे शिल्प म्हणजे मुख्यतः मूर्ती, हे त्यांचे म्हणणे मान्य करता येईल, पण ती मूर्ती घडली कशातून, हे त्यांनी पाहिलेले दिसत नाही. चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांनी भारतीय मूर्तींच्या शरीररचनेवर १९१४ साली एक छोटा सचित्र निबंध इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यात परंपरेने सांगितलेली रूपे त्यांनी एकापुढे एक मांडली आहेत : चेहरा अंड्यासारखा, हनुवटी आंब्याच्या कोयीसारखी, गळा शंखासारखा, धड गाईच्या मुखासारखे, हात कोवळ्या केळीच्या खोडासारखा, बोटे शेंगांसारखी, गुडघा खेकड्याच्या कवचासारखा आणि पोटरी गाभोळीने भरलेल्या माशासारखी. ही केवळ कवींची उपमा असती तर ती कागदावरच राहिली असती. पाथरवटाला यातून घडणीची सूचना मिळते. गुडघ्याची वाटी, तिच्या खालचे दोन उंचवटे आणि बाजूचे खळगे हे सगळे लक्षात ठेवण्यापेक्षा खेकड्याची पाठ लक्षात ठेवणे सोपे, आणि छिन्नीला झेपणारेही.

घारापुरीच्या लेण्यांत हे प्रत्यक्ष पाहता येते. तिथल्या मोठ्या आकृतींच्या दंडांवर स्नायू शोधूनही सापडत नाहीत, तरी ते दंड आतून भरलेले वाटतात. केळीच्या खोडाला जशी हाडे नसतात आणि तरी ते ताठ उभे असते, त्याच प्रकारचा तो भरीवपणा आहे. ऐरोलीच्या पत्रलेखिकेनेही लेण्यांतल्या हातांची रेखाटने करावीत असे मी सुचवीन.

मधला काळ बघायचा असेल तर आपल्याला फार दूर जायला नको. ठाण्याहून जलद गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे आणि गर्दीला वाट देत खांबांच्या डोक्यांकडे आणि कमानींकडे पाहावे. १८७८ ते १८८८ या काळात बांधल्या गेलेल्या या इमारतीवर पाने, फुले, पक्षी, माकडे असे जे कोरीव काम आहे त्यात मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. तिथून चालत क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर त्याच शाळेत शिकवणाऱ्या लॉकवूड किपलिंग यांनी केलेली उठावशिल्पे प्रवेशद्वारावर दिसतील. मला स्वतःला या कामातली पाने शोभेची वाटतात, शिल्पाची वाटत नाहीत, कारण ती दगडाला चिकटवल्यासारखी बसतात. पण झाडाचे पान समोर ठेवून छिन्नी चालवायला तिथल्या मुलांना लावले होते, हे नाकारता येत नाही.

आणि सवड काढून एकदा अलिबागजवळच्या सासवने येथे जावे. विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७) यांच्या राहत्या घरातच त्यांचे शिल्पालय आहे. पुण्यातला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा करणारा हा शिल्पकार गावी आल्यावर सिमेंटमध्ये म्हैस घडवतो, आणि ती म्हैस इतकी निवांत आहे की पाश्चात्त्य खुळाची चर्चा तिच्यासमोर करणे अवघड जाते.

प्रश्न : मी नेरूळला पाचव्या मजल्यावर राहते. बाल्कनीत शाडूची शिल्पे करण्याचा छंद लागला आहे. पानांवरून, फळांवरून आकार घडवते, पण सुकताना हमखास भेगा पडतात. तारेचा सांगाडा घातला की भेगा वाढतात असे दिसते. शिल्प टिकवायचे असेल तर भाजावे की प्लास्टरमध्ये ओतावे?
— एक गृहिणी, नेरूळ

उत्तर : तारेबद्दलचे तुमचे निरीक्षण अचूक आहे. माती सुकताना आकसते आणि तार आकसत नाही, तेव्हा मातीला फाटण्यावाचून मार्ग राहत नाही. सांगाडा हा ओल्या मातीला आधार देण्यासाठी असतो. ज्या शिल्पाचा पुढे साचा काढायचा आहे आणि माती मोडून टाकायची आहे, त्याच शिल्पात तो घालावा. ज्याला मातीतच ठेवायचे आहे ते आतून पोकळ करावे आणि त्याची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची, साधारण एक ते दीड सेंटिमीटर, ठेवावी. पातळ भाग आधी सुकतो, जाड भाग मागाहून, आणि दोघांच्या सीमेवर भेग पडते. पानांचे आकार करताना हे फार होते, कारण देठ जाड आणि कड पातळ असते. कडांना ओले फडके गुंडाळून ठेवावे आणि वरून प्लास्टिकची पिशवी सैल बांधावी. पंख्याखाली सुकवू नये. पावसाळ्यात माती सावकाश सुकते आणि तिच्यावर बुरशी येते म्हणून लोक कंटाळतात, पण भेगांच्या दृष्टीने आपल्या भागातला तोच काळ बरा. शाडूत थोडा कागदाचा लगदा मळून घेतला तर भेगाही बऱ्याच आवरतात.

शाडू भाजण्याच्या फंदात पडू नये. भाजायचे असेल तर कुंभाराची लाल माती घ्यावी, तिच्यात भाजलेल्या मातीचा बारीक चुरा मिसळावा आणि शिल्प पूर्ण सुकल्याची खात्री झाल्यावरच ते भट्टीत द्यावे. मातीत हवा राहिली म्हणून शिल्प फुटते असे सर्रास सांगितले जाते. फुटते ते बहुधा आत राहिलेल्या पाण्याची एकदम वाफ झाल्यामुळे. सुकलेले शिल्प गालाला लावून पाहावे, गार लागले तर अजून ओल आहे. धारावीच्या कुंभारवाड्यात भट्ट्या आहेत. तिथे विचारणा करता येईल.

पाचव्या मजल्यावर प्लास्टर ओतणे शक्य आहे, पण मोरीच्या पाइपात त्याचा थेंबही जाता कामा नये, कारण ते पाण्याखालीही घट्ट होते आणि पुढचे सगळे सोसायटीच्या बैठकीत निस्तरावे लागते. हात आणि भांडी आधी बादलीतल्या पाण्यात धुवावीत, गाळ खाली बसू द्यावा आणि घट्ट झाल्यावर कचऱ्यात टाकावा. नेहमी पाण्यात प्लास्टर भुरभुरावे, प्लास्टरवर पाणी ओतू नये. भुकटी पाण्याच्या वर बेटांसारखी दिसू लागली की थांबून हलक्या हाताने ढवळावे. घट्ट होताना ते चांगलेच तापते, म्हणून हाताचा किंवा पायाचा साचा काढण्यासाठी ओल्या प्लास्टरच्या भांड्यात हात बुडवून ठेवण्याचे प्रयोग मुलांना करू देऊ नयेत. त्यात गंभीर भाजण्याच्या घटना घडलेल्या आहेत. भुकटी हाताळताना तोंडावर मास्क असावा.

तुमच्या पाना-फळांसाठी एकदाच वापरून फोडायचा साचा, ज्याला कारागीर वेस्ट मोल्ड म्हणतात, तो सर्वांत सोपा. मातीच्या शिल्पावर पहिला पातळ थर देताना त्या प्लास्टरच्या पाण्यात थोडी नीळ किंवा रंग घालावा आणि त्यावरचे जाड थर पांढरेच ठेवावेत. माती काढून साचा धुतल्यावर आतून साबणाचा हात नीट फिरवून मग त्यात प्लास्टर ओतावे. दुसऱ्या दिवशी छिन्नीने साचा फोडताना निळा थर दिसू लागला की शिल्प अगदी जवळ आले असे समजावे, हातोडी बाजूला ठेवावी आणि उरलेला थर लाकडी टोकाने हलकेच उचलावा.